सातबारा एकाचा, विहीर दुसऱ्याची

१. गाव तिथेच, दप्तर हललं

निलंग्यात बसून कुणी मोबाइलवर उस्ताद अब्दुल करीम खाँ हे नाव शोधलं, तर त्यांची झिंझोटी रागातली एकच ठुमरी चार-पाच ठिकाणी सापडते. एकीखाली सारेगम कंपनीचं नाव असतं, दुसरीखाली कधी न ऐकलेल्या परदेशी कंपनीचं, तिसरीखाली कुणा हौशी माणसाचं. एकीत आवाज स्वच्छ पण पातळ, दुसरीत भरपूर खरखर पण गळा जिवंत, तिसरीत तर सूरच वेगळ्या पट्टीतला. खाँसाहेब १९३७ साली गेले. मुद्रणाच्या दिवशी त्यांनी गायलेलं गाणं एकच होतं. मग हे गाणं आज नेमकं कुणाचं? ज्या कंपनीने ते मुद्रित केलं ती पुढे विकली गेली, तेव्हा तिच्याबरोबर गाणंही विकलं गेलं का? आणि नव्या मालकाने जुनं गाणं पुन्हा बाजारात आणलं, तर आपल्याला मिळतं ते तेच गाणं असतं का?

निलंग्याच्या वाचकाला यातली अर्धी गोष्ट तालुक्याच्या इतिहासातून समजेल. १९५६ पर्यंत निलंगा हा हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचा तालुका होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा अहमदपूर आणि उदगीरबरोबर तो मुंबई राज्यात आला, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातूरकडे आला. या सगळ्यात गाव तसूभर हललं नाही, नीलकंठेश्वराचं देऊळ होतं तिथेच राहिलं, पण दप्तर फिरत राहिलं. आजही निजामकाळातला जमिनीचा कागद हवा असेल तर उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. ध्वनिमुद्रणांचंही असंच झालं, फक्त एक मोठा फरक आहे. दप्तर कुठेही गेलं तरी जमीन जागेवर राहते. गाण्याच्या बाबतीत मात्र दप्तर एका मालकाकडून दुसऱ्याकडे नीट पोचतं आणि गाणंच वाटेत गळतं.

या प्रकरणाचा मुद्दा तोच आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाबाबत दोन वस्तू वेगळ्या ओळखायला हव्यात : त्यावरचा हक्क आणि प्रत्यक्ष आवाज. हक्क कागदावर असतो आणि तो विकता येतो. आवाज धातूच्या साच्यात, लाखेच्या तबकडीत किंवा फितीत असतो. तो जपावा लागतो. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत पहिल्या वस्तूची काटेकोर नोंद झाली, दुसरीची क्वचितच. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

२. करंजीचा साचा

आवाज कुठे असतो हे कळण्यासाठी तबकडी कशी तयार होत असे ते आधी पाहू. गायक भोंग्यासमोर गाई, १९२५ नंतर मायक्रोफोनसमोर. त्या कंपनाने एक सुई मेणाच्या फिरत्या चकतीवर नागमोडी रेघ कोरत जाई. मेण नाजूक, त्यावर सुई पुन्हा फिरवली तर रेघ पुसणार. म्हणून त्या मेणावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढत. जिथे खाच होती तिथे उंचवटा. या पहिल्या साच्यावरून सुलटा साचा आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे ठसे होत. तापलेला लाखेचा गोळा दोन ठशांच्या मध्ये दाबला की दोन्ही बाजूंना गाणं असलेली तबकडी तयार. करंजीचा साचा डोळ्यांपुढे आणला की हे लगेच कळेल. करंज्या कितीही करता येतात, त्या खाऊन संपल्या तरी चिंता नाही, साचा घरात आहे तोवर पुन्हा करता येतात. साचा हरवला तर मात्र उरलेल्या करंजीवरूनच नवा साचा घडवावा लागतो, आणि ती करंजी कडेला मोडलेली असेल तर पुढच्या सगळ्या करंज्या तशाच निघतात.

जुनं गाणं पुन्हा काढण्याची सगळी प्रत या एका गोष्टीवर ठरते : साचा आहे की नुसती झिजलेली तबकडी? धातूचा साचा असेल तर त्यावरून आजही उत्तम आवाज मिळू शकतो. तबकडीच असेल तर ती किती वेळा वाजली, कोणत्या सुईने वाजली, याला महत्त्व येतं. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई दर वेळी लाखेचा थोडा थोडा भाग खरवडून नेई. लोकांना आवडलेलं गाणं जास्त वेळा वाजे, म्हणून सर्वांत लोकप्रिय तबकड्याच सर्वांत जास्त झिजलेल्या सापडतात.

आता पहिला साचा कुठे होता ते पाहू. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जानसह अनेकांचं गाणं मेणावर घेतलं. ते मेण बोटीने जर्मनीत हनोवरला गेलं, तिथे साचे झाले, तबकड्या छापल्या गेल्या आणि विक्रीसाठी परत हिंदुस्थानात आल्या. कलकत्त्यात सियालदाला कारखाना १९०८ साली निघाला, म्हणजे पहिली पाच-सहा वर्षं भारतीय गाण्याचे साचे भारताबाहेरच राहिले. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. हनोवरची कंपनी ब्रिटिश मालकीची, म्हणजे जर्मन सरकारच्या लेखी शत्रूची मालमत्ता. ती जप्त झाली आणि १९१७ मध्ये पॉलिफोन या जर्मन कंपनीला विकली गेली. हीच आजची डॉइच ग्रामोफोन. भारतीय संगीताच्या मुद्रणांना बसलेला मालकीबदलाचा हा पहिला धक्का. लंडनच्या कंपनीकडे गाण्यांवरचा हक्क होता, पण ज्या कारखान्यात त्या गाण्यांचे साचे घडले तो कारखाना परक्याचा झाला.

३. कुत्रा एकच, धनी बदलते

१९३० च्या दशकातल्या मुंबईत तबकड्यांच्या दुकानात लेबलांची गर्दी होती. भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याची एचएमव्ही, कोलंबिया, मूळची जर्मन असलेली ओडियन आणि स्वदेशीच्या काळात मुंबईतच निघालेली यंग इंडिया. ग्राहकाला वाटे, ही सगळी एकमेकांची स्पर्धक दुकानं. दुकानं वेगळी होती खरी, पण वाडा एकच होत चालला होता. ओडियनची मालक असलेली लिंडस्ट्रॉम ही कंपनी इंग्लंडच्या कोलंबियाने १९२० च्या दशकातच घेतली होती. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन ईएमआय जन्माला आली. म्हणजे त्या वर्षानंतर एकाच कंपनीची तीन लेबलं एकमेकांशी झगडताना दिसत होती. या घरात खऱ्या अर्थाने परकी होती ती यंग इंडियासारखी देशी कंपनी. ती बंद पडली तेव्हा तिच्या गाण्यांना वारस असा उरला नाही.

ईएमआयची भारतीय शाखा स्वातंत्र्यानंतर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया म्हणून चालत राहिली. कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला, मुंबईत मुद्रणाचं कार्यालय. त्या कार्यालयात १९३८ पासून पुढची तीन दशकं जी. एन. जोशी होते. स्वतः भावगीतगायक असलेल्या या माणसाने भल्याभल्या मनस्वी गवयांना मनवून मायक्रोफोनसमोर बसवलं. कंपनीला कान नसतात, तिच्यातल्या एखाद्या माणसाला असतात, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. असा माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर कोणत्या कपाटात कोणती फीत आहे, कोणती दुसऱ्यांदा घेतलेली आहे आणि का, ही माहितीही घरी जाते. कंपनीच्या ताळेबंदात या माहितीला किंमत नसते, म्हणून कंपनी विकताना तिच्याबद्दल कुणी विचारतही नाही.

१९८० च्या दशकात कॅसेटचं वादळ आलं. घरोघरी स्वस्त कॅसेट, चोरट्या प्रती आणि नव्या कंपन्या यांच्यापुढे एचएमव्हीचा जुना डोलारा डळमळला. त्या दशकाच्या मध्यावर ईएमआयने आपला मोठा हिस्सा गोयंका यांच्या आरपीजी समूहाला विकला. २००० साली कंपनीचं नाव सारेगम झालं आणि पुढे तो कुत्राही लेबलावरून उतरला. समूहाची भावांमध्ये वाटणी झाल्यावर सारेगम संजीव गोयंका यांच्याकडे राहिली. दुसरीकडे, १९१७ साली वेगळ्या झालेल्या त्या जर्मन शाखेचं लेबल पॉलिडोर हे भारतात आलं, त्याची म्युझिक इंडिया झाली, मग पॉलिग्राम, आणि १९९८ मध्ये पॉलिग्राम विकली गेल्यावर युनिव्हर्सल. शंभर वर्षांपूर्वी एका आईच्या पोटी झालेली दोन लेकरं भारतातल्या बाजारात अशी अनोळखी होऊन समोरासमोर उभी राहिली.

मूळ ईएमआयचं काय झालं? २००७ मध्ये ती टेरा फर्मा या गुंतवणूक कंपनीने घेतली, कर्ज फिटेना म्हणून सिटीग्रुप या बँकेकडे गेली आणि २०१२ मध्ये युनिव्हर्सलने विकत घेतली. युरोपातल्या नियामकांनी मक्तेदारीला हरकत घेतल्यामुळे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं प्रसिद्ध ईएमआय क्लासिक्स हे लेबल २०१३ मध्ये वॉर्नरला द्यावं लागलं. भारतीय गाणी त्याआधीच गोयंकांकडे गेली असल्यामुळे या उलथापालथीतून सुटली. मात्र जगभरच्या सुरुवातीच्या तबकड्यांचा ईएमआयचा जुना संग्रह इंग्लंडमध्ये हेज या गावी एका वेगळ्या न्यासाकडे आहे. हक्क कोलकात्यात, जुना संग्रह हेजला आणि हनोवरच्या कारखान्याचे वारस तिसरीकडे. एका बापाच्या इस्टेटीची वाटणी होताना घर एकाला, किल्ल्या दुसऱ्याला आणि विहीर तिसऱ्याला गेली, तर त्या घरात संसार करणार कोण?

४. केसरबाईंची तबकडी

हक्क जिवंत असतानाही आवाज कसा नाहीसा होतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचं आहे. १९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. त्यांत पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी ठेवायची होती. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी भारतीय संगीतासाठी नाव सुचवलं : केसरबाईंची भैरवी, लांबी साडेतीन मिनिटांची. निवड झाली, पण तबकडी मिळेना, कारण ती बाजारातून केव्हाच संपली होती. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ही शोधाशोध तबकडीचं काम पाहणाऱ्या ॲन ड्रुयन यांनी सांगितली आहे.

या घटनेचा नेहमी सांगितला जाणारा भाग अभिमानाचा असतो : मराठी मुलखातल्या गायिकेचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला. मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तेव्हा एचएमव्ही जोरात होती, कारखाना चालू होता, मालक बदललेला नव्हता आणि गाण्यावरचा हक्कही कुणी हिरावला नव्हता. तरीही मानवजातीच्या वतीने पाठवायचं गाणं कंपनीच्या दुकानात नव्हतं, ते पंखे-इस्त्र्यांच्या दुकानात टेबलाखाली पडलं होतं. म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीमुळे जुनं गाणं हरवतं, एवढंच म्हणणं अपुरं आहे. मालक बदलला नाही तरी गाणं हरवतं. मालक बदलण्याने होतं ते एवढंच की ते हरवलं आहे हे ठाऊक असणारा माणूसही हरवतो.

५. तीन कुलपं

हक्क कागदावर असतो असं वर म्हटलं. तो कागद वाचायला अवघड नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार एका गाण्याला तीन वेगवेगळी कुलपं असू शकतात : शब्दांचं, चालीचं आणि ध्वनिमुद्रणाचं. शब्द आणि चाल यांचं कुलूप कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी उघडतं. ध्वनिमुद्रणाचं कुलूप मुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी. ही मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. १९९२ पूर्वी ६० ऐवजी ५० वर्षं होती, आणि तोवर ज्यांची ५० वर्षं संपली त्यांचं कुलूप पुन्हा लागलं नाही.

‘संगीत मानापमान’ हे १९११ चं नाटक घेऊन हिशोब करू. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ साली गेले. समजा त्यातल्या एका पदाची बालगंधर्वांनी गायलेली तबकडी १९३२ साली निघाली. तबकडीचं कुलूप १९८२ अखेर उघडलं, शब्दांचं २००८ अखेर आणि चालीचं २०१५ अखेर. म्हणून १ जानेवारी २०१६ पासून ती तबकडी कुणालाही, कुणाचीही परवानगी न घेता पुन्हा काढता येते. ख्याल किंवा ठुमरीच्या बाबतीत हिशोब आणखी सोपा. बंदिश परंपरेने आलेली असेल तर पहिली दोन कुलपं नसतातच, फक्त मुद्रणाचं तिसरं उरतं. १९६४ पर्यंत भारतात प्रसिद्ध झालेल्या अशा सगळ्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. १९७१ साली निघालेली एलपी मात्र २०३१ अखेरपर्यंत कंपनीची.

यात गायक कुठे आहे? जुन्या काळी बहुतेक कुठेच नाही. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारा निर्माता, गाणारा नव्हे. शेतीच्या भाषेत सांगायचं तर काही गवयांनी उक्त्याने काम केलं, म्हणजे एकदाच पैसे घेतले आणि विषय संपला. काहींना बटईसारखा विक्रीवर हिस्सा मिळे. गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापराच्या पैशात वाटा मिळाला. लाखेच्या तबकड्यांच्या काळातल्या गवयांपैकी हे पाहायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

एक गोष्ट या कायद्यात चमत्कारिक आहे. मुद्रणाच्या कुलपाची मोजणी प्रसिद्धीपासून सुरू होते. जी मैफल कुणी टेपवर घेतली आणि कधीच प्रसिद्ध केली नाही, तिच्या बाबतीत घड्याळाची टिकटिक सुरूच होत नाही. बाजारात आलेलं गाणं आज ना उद्या सर्वांचं होतं, कपाटात राहिलेलं नाही. म्हणून जुनं मुद्रण प्रसिद्ध करण्यात कंपनीचा धंदा आहे हे खरं असलं, तरी त्याच कृतीने ती त्या गाण्याच्या मुक्तीची तारीखही ठरवत असते.

६. सूर कुणाचा चुकला?

कुलूप उघडलं म्हणजे काम संपलं असं वाटेल. खरं काम तिथून सुरू होतं. लाखेच्या तबकडीला आपण सरसकट ७८ ची रेकॉर्ड म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचं यंत्र वजन खाली सोडून त्याच्या ओढीवर चालवत, आणि वेग सत्तरीच्या आगेमागे कुठेही असे. समजा एका गवयाने काळी एकमध्ये षड्ज लावून गायलं आणि यंत्र ७४ च्या वेगाने फिरत होतं. आज ती तबकडी ७८ वर वाजवली तर सूर सुमारे साडेपाच टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. १९० सेकंदांचं गाणं १८० सेकंदांत संपतं, तान प्रत्यक्षापेक्षा चपळ वाटते, गळा किंचित बालिश होतो. मग पुढची पिढी म्हणते, त्या काळचे लोक फार घाईत गात. घाई गवयाला नव्हती, पुन्हा काढणाऱ्याला होती.

खरखर काढण्याचंही तसंच. संगणकाच्या मदतीने ती हवी तितकी काढता येते, पण सुपात धान्य फार जोराने पाखडलं तर फोलाबरोबर दाणेही उडतात. तबकडीच्या खरखरीत तंबोऱ्याची आस, हार्मोनियमचा श्वास आणि गळ्यातली बारीक किनार मिसळलेली असते. अतिस्वच्छ केलेलं जुनं गाणं प्लास्टिकच्या फुलासारखं होतं. कोणता वेग, किती खरखर ठेवायची, हे यंत्र ठरवू शकत नाही. त्या गायकाची पट्टी, त्याच्या इतर तबकड्या, त्या काळचा हार्मोनियम हे सगळं ठाऊक असलेला माणूसच ते ठरवू शकतो. आणि असा माणूस कंपनीच्या पगारपत्रकावर दिसेलच असं नाही.

तो बहुधा संग्राहक असतो. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तिच्यामार्फत तबकड्या ऐकवत, त्यांच्या नोंदी करत आणि एक नियतकालिक काढत राहिले. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी भारतीय मुद्रणांच्या याद्या तयार करण्यात आयुष्य घातलं. या लोकांचं लक्ष गाण्याइतकंच तबकडीच्या एका आकड्यावर असतं. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर तो बारीक कोरलेला असतो. त्या विशिष्ट मेणाचा, त्या दिवशी गायलेल्या त्या एका प्रयत्नाचा तो क्रमांक. जमिनीला गट नंबर तसा. लेबलावरचं नाव बदलतं, कंपनी बदलते, पण गट नंबर तोच राहतो, आणि तो जुळवूनच मुद्रणाचं वर्ष आणि कधी कधी ठिकाणही कळतं. मोबाइलवरच्या झिंझोटीखाली हा आकडा नसतो. राग, साथीदार, साल, काहीही नसतं.

७. आक्षेप

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की कंपन्यांवर हा अन्याय आहे. पैसा त्यांनी घातला, कारखाना त्यांनी चालवला, त्या नसत्या तर गाणं मुद्रितच झालं नसतं. हे पूर्ण खरं आहे. उस्ताद अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांचं गाणं आपल्याला आज ऐकायला मिळत नाही, कारण त्यांनी ते तबकडीवर दिलंच नाही. तिथे कंपनीने काही हरवलं नाही. आणि मालक बदलल्यावर नेहमी वाईटच होतं असंही नाही : गोयंकांकडे आल्यावर एचएमव्हीने ‘चेअरमन्स चॉइस’ या मालिकेत जुन्या लाखेच्या तबकड्यांवरचं दुर्मीळ गाणं कॅसेट आणि सीडीवर आणलं, ते ब्रिटिश मालकाच्या काळात इतकं सहज मिळत नव्हतं. माझं म्हणणं कंपनीविरुद्ध नाही. म्हणणं इतकंच, की कंपनी जे विकलं जाईल ते पुन्हा काढते, आणि ते तिने करावंही. २०१७ मध्ये सारेगमने पाच हजार गाणी भरलेला कारवाँ हा रेडिओसारखा पेटारा आणला आणि तो घरोघरी गेला. ती गाणी मुख्यतः चित्रपटांची होती. ज्याचे ग्राहक मूठभर, ते गाणं बाजाराच्या भरवशावर सोडणं म्हणजे माळरानावर उसाची अपेक्षा करणं.

दुसरा आक्षेप संग्राहकांवर : हे लोक फुकटे, चोरून प्रती काढणारे. चोरट्या कॅसेटींनी धंद्याचं वाटोळं केलं हे नाकारता येणार नाही. पण चोरटी कॅसेट काढणारा आणि १९३२ ची तबकडी जपणारा यांना एका माळेत ओवणं चूक आहे. पहिला कालच विक्रीला आलेलं गाणं उचलतो. दुसरा जे कंपनीने टाकून दिलं ते वेचतो, आणि कायद्याच्या हिशोबाने त्या तबकडीचं कुलूप केव्हाच उघडलेलं असतं. संग्राहकांचाही एक दोष मात्र आहे : काहींना दुर्मीळपणाचा मोह सुटत नाही. गाणं सगळ्यांना दिलं तर आपल्या कपाटाची किंमत काय राहिली? असा संग्राहक आणि गाणं कुलपात ठेवणारी कंपनी यांत फरक करणं मला जमत नाही.

तिसरा आक्षेप आजकालचा : आता सगळंच मोबाइलवर आहे, मग चिंता कसली? सगळं आहे ही समजूत आपण जे शोधतो तेवढंच पाहण्यातून येते. शिवाय मोबाइलवरचं गाणं आपलं नसतं, कुणीतरी ठेवलेलं असतं. अशा ठिकाणी मालकी तपासणारी यंत्रणा माणूस नसून आवाज जुळवणारा संगणक असतो, आणि त्याने एखाद्या मुक्त झालेल्या तबकडीवरही कुणाचा तरी दावा लावला की ती एका रात्रीत नाहीशी होऊ शकते. खोटा फेरफार झाल्यावर तलाठी कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, तसं इथे कुठे जायचं हे सामान्य माणसाला कळतही नाही.

चौथा आक्षेप संगीताच्या जाणकारांचा असतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल मावत नाही. जुनी तबकडी म्हणजे गवयाच्या मैफलीचं बोनसाय. तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? उत्तरादाखल एकच गोष्ट पुरेशी आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच तिचा अर्थ नजरेआड होतो. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ती ठुमरी तबकडीवर ऐकली आणि तसं गाणं शिकायचं म्हणून १९३३ साली, अकराव्या वर्षी तो घर सोडून निघाला. त्या मुलाचं नाव भीमसेन जोशी. बोनसाय म्हणून हिणवलेल्या त्या तीन मिनिटांतून पुढचं अर्धशतकभराचं गाणं उगवलं. ती तबकडी त्याच्या कानावर पडली तेव्हा ती कुठल्या कंपनीची, तिचा मालक कोण, हे त्या मुलाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तबकडी वाजत होती, एवढं पुरेसं होतं. आणि ती योग्य वेगाने वाजत होती अशी आशा करू या.

८. माळ्यावरचं खोकं

निलंगा, उदगीर, औसा या भागांतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर आजही कुठे कुठे तबकड्यांचं एखादं खोकं निघू शकतं. त्यातली कोणती शेवटची उरलेली प्रत आहे, हे पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, खालच्या वरच्यांच्या भाराने तडकतात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. उन्हात नेऊ नयेत, लाख वाकते. जुन्या पोलादी सुईने वाजवण्याचा मोह टाळावा. आधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो काढावा आणि मधल्या गुळगुळीत पट्टीवरचा तो बारीक आकडा तिरक्या उजेडात वाचून लिहून ठेवावा. धूळ मऊ कोरड्या फडक्याने, रेघांच्या दिशेने पुसावी. स्पिरिटचा बोळा मात्र चुकूनही लावू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि रेघांमधलं गाणं त्या बोळ्यावर उतरून येतं.